पत्राच्या शेवटची नावे

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र १६:१-२३

धार येथे लाट मशिदीजवळ एका प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. तिन्ही मिळून त्याची लांबी सुमारे १३ मीटर भरते. परंपरा तो भोजराजाच्या काळचा, म्हणजे ११ व्या शतकातला मानते. त्यावर एक फारसी लेख आहे. दख्खनच्या मोहिमेच्या वेळी १५९८ साली अकबर बादशहाचा येथे मुक्काम झाला, असे तो सांगतो. बादशहा आला, राहिला, निघून गेला. त्याचे नाव लोखंडावर राहिले. ज्या लोहारांनी भट्टीपुढे घाम गाळून एवढे लोखंड जोडले, ते कोण हे आज कोणालाच सांगता येत नाही.

धारहून देवासला यावे. तेथे १९७४ पासून नोटांचा सरकारी छापखाना आहे. छपाईची शाईही तेथेच बनते. नोटेवर सही असते ती रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची. ती असलीच पाहिजे, कारण सही म्हणजे जबाबदारी. पण ती नोट निर्दोष निघावी म्हणून शाई तयार करणारे, यंत्रापाशी उभे राहणारे, छापलेला कागद तपासणारे हात किती असतील! नोट खिशात घालताना त्यांची आठवण कोणाला होते?

प्रिय वाचकहो, हा प्रश्न दुसऱ्याला विचारण्याआधी आम्हांला आमची एक चूक कबूल केली पाहिजे. आम्ही एका मंडळीत शब्बाथ शाळेचे सुपरिंटेंडेंट होतो. वार्षिक सभेत आम्ही अहवाल वाचला. मुले वाढली, नाताळचा कार्यक्रम उत्तम झाला, टाळ्या पडल्या. पाळकसाहेब, पंच, देणगीदार यांचे नावानिशी आभार मानले आणि शेवटी एका दमात म्हणालो, ‘सर्व शिक्षकांचेही आभार.’ लहान मुलांच्या वर्गाला शिकवणाऱ्या एक बहीण मागच्या बाकावर बसल्या होत्या. नोकरी सांभाळून दर शनिवारी रात्री त्या पाठासाठी चित्रे काढीत. पुढच्या जूनमध्ये त्यांनी वर्ग सोडला. ‘घरी अडचण आहे,’ एवढेच म्हणाल्या. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या आई आम्हांला म्हणाल्या, “तिला हारतुरे नको होते, भाऊ. तिची चित्रं तुम्ही कधी पाहिलीत का, एवढंच तिला कळेना.”

आम्हांला उत्तर देता आले नाही. कारण ती चित्रे आम्ही खरोखरच पाहिली नव्हती.

आता पौलाकडे पाहा. रोमकरांस लिहिलेले त्याचे पत्र सिद्धांतांनी भरलेले आहे. पण शेवटी तो वीसहून अधिक माणसांची नावे घेतो, आणि पुष्कळांच्या नावापुढे त्यांचे कामही सांगतो. फिबीने पुष्कळांना साहाय्य केले. प्रिस्क व अक्विल्ला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला. पर्सिसने प्रभूसाठी फार कष्ट केले. रूफाची आई तर त्यालाही आईच झाली. आणि २२ व्या वचनात, ज्याच्या हाताने हे पत्र लिहिले गेले तो तर्तियस स्वतःच्या नावाने सलाम सांगतो! पत्र पौलाचे, पण लिहिणाऱ्याच्या नावालाही त्यात जागा मिळाली.

कोणी म्हणेल, “उजवा हात करतो ते डाव्याला कळू नये, अशी प्रभूची शिकवण आहे, मग कौतुक कशाला?” ती शिकवण काम करणाऱ्याला आहे. त्याने मान मागू नये, हे खरे. पण पुढाऱ्याचे कर्तव्य वेगळे आहे. विधवेने दोन टोल्या गुपचूप टाकल्या. प्रभूने मात्र शिष्यांना जवळ बोलावून तिचे दान दाखवले. ती काही मागत नव्हती. तरी प्रभूने पाहिले आणि सांगितले.

ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत त्या सर्वांसाठी हे आहे. मग ते शाळेचे मुख्याध्यापक असोत, दवाखान्याच्या मेट्रन असोत की कारखान्यातले फोरमन. पहिले म्हणजे, काम डोळ्यांनी पाहा. न पाहता केलेली स्तुती ही खुशामत ठरते आणि ऐकणाऱ्याला ती लगेच कळते. दुसरे, कोणी काय केले ते नाव घेऊन सांगा. तिसरे, वार्षिक सभेची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात सांगा. वरिष्ठांनी तुमची पाठ थोपटली, तर ज्याने काम केले त्याला पुढे करा. चुकीचा दोष मात्र सही करणाऱ्याने आपल्याकडे घ्यावा. आणि आनंद साजरा करताना, उपासनेआधी बाके पुसणाऱ्यालाही पंगतीत बसवा. त्याला वाढपी करू नका.

त्या बहिणीकडे आम्ही नंतर गेलो व क्षमा मागितली. त्यांनी ती केली, चित्रांची वहीही दाखवली. वर्गाला मात्र त्या परत आल्या नाहीत.

या रविवारी उपासना संपल्यावर घाईने घरी निघू नका. तुमच्या मंडळीतील तर्तियस कोण, हे शोधा आणि त्याच्याजवळ जाऊन बोला. पाहणारे डोळे देव आपणा सर्वांस देवो. आमेन.