छापू नका म्हणण्याचा हक्क

गेल्या वर्षी एका मासिकात माझ्या एका जुन्या स्नेह्यांनी लेख लिहिला. समाजशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. नाव घेत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, आणि इतरांचं त्यावाचून अडत नाही. त्यांचं म्हणणं असं, की केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेने ३० प्रकाशकांची जवळजवळ १३ हजार नियतकालिकं सरकारी महाविद्यालयांना खुली केली, गडचिरोलीचा विद्यार्थी आता ऑक्सफर्डच्या पंगतीला बसला, तेव्हा ज्ञान कुणाच्या मालकीचं हे रडगाणं आता बंद करावं. जाता जाता त्यांनी एक टोलाही हाणला. न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिकेत आदिवासी अभ्यासकांनी स्वतःची जर्नलं काढून 'आमच्याबद्दल आम्हाला विचारल्याशिवाय लिहायचं नाही' असं जे सोवळं मांडलं आहे, तो म्हणे नवा ब्राह्मण्यवाद.

टोला बऱ्यापैकी बसला, कारण त्यातला अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

आधी पैशांचं बोलू. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये. कातकरी वाडीवर जाऊन माहिती गोळा करायला अनुदान सरकारचं, निबंध लिहिणाऱ्याचा पगार सरकारी, तो तपासणारा समीक्षक फुकट राबतो आणि त्याचाही पगार बहुधा सरकारीच. एवढं झाल्यावर परदेशी प्रकाशक तो मजकूर कुलपात ठेवतो आणि सरकार किल्ली विकत घेतं. किल्ली मिळते ती संस्थेच्या लॉगिनला. ग्रामसभेचा सचिव किंवा नोकरी न लागलेला पदवीधर कातकरी मुलगा त्या लॉगिनमध्ये बसत नाही. जिने तीन तास बसून आपल्या वाडीची हकिगत सांगितली, त्या बाईचं तर नावच नको. म्हणजे पंगत बसली खरी, पण ज्यांच्या घरचं धान्य शिजलं ते अजून मांडवाबाहेर आहेत.

आणि आपल्या देशी शोधपत्रिकांचं काय? २०१८ साली भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये एक तपासणी छापली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यूजीसीच्या मान्य यादीत शिरलेल्या नियतकालिकांचा नमुना त्यांनी घेतला, तर ८८ टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची निघाली. मग पुणे विद्यापीठातून 'केअर' यादी चालू झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही गुंडाळली. या सगळ्या काळात 'आदिवासींच्या समस्या व उपाय' या विषयावरचे जाडजूड विशेषांक निघतच होते. फी भरा, शनिवारी प्रमाणपत्र घ्या. त्यांतले कित्येक निबंध मी चाळले आहेत. निम्मा मजकूर गोविंद गारे यांच्या पुस्तकांतून उचललेला, नाव न घेता. गारे स्वतः महादेव कोळी, पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले. आदिवासी संशोधकाचं लेखन चोरून आदिवासींवर संशोधन करायचं, ही कला आपणच शोधून काढली असावी.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आदिवासींवरच्या विद्यापीठीय लेखनाची सर्वांत बोचरी झाडाझडती कुठल्या जर्नलमध्ये छापून आली? कुठल्याच नाही. ती १९६९ च्या ऑगस्टमध्ये 'प्लेबॉय'मध्ये आली. लेखक व्हाइन डेलोरिया ज्युनियर, अमेरिकेतल्या स्टँडिंग रॉक वस्तीचे, सू टोळीतले. त्याच वर्षी 'कस्टर डाइड फॉर युवर सिन्स' हे पुस्तक आलं. त्यात मानववंशशास्त्रज्ञांवर एक अख्खं प्रकरण आहे आणि ते वाचताना हसू आवरत नाही. दर उन्हाळ्यात वस्त्यांवर उतरणारी ही जमात, तिचा पोशाख, तिच्या सवयी यांचं वर्णन डेलोरिया अशा थाटात करतात, की अभ्यासकच अभ्यासविषय होऊन बसतो. पण खरा घाव विनोदात नाही, सूचनेत आहे. संशोधकाने टोळीच्या कौन्सिलकडे अर्ज करावा आणि आपल्या अभ्यासावर तो जेवढा खर्च करणार, तेवढीच रक्कम टोळीच्या अंदाजपत्रकासाठी उभी करावी, तरच परवानगी. बाकी सगळे सन्मान, संवाद, सहभाग असले गोडगोड शब्द वापरत होते, तेव्हा या गृहस्थाने थेट चलन फाडलं.

डेलोरियांचा हा राग आला कुठून? ते नॅशनल काँग्रेस ऑफ अमेरिकन इंडियन्सचे कार्यकारी संचालक होते, अहवालांचे ढीग आणि रिकामी तिजोरी दोन्ही त्यांनी पाहिली होती, असं सांगितलं जातं. माझा अंदाज वेगळा आहे. एला डेलोरिया ही त्यांची आत्या. अमेरिकन मानववंशशास्त्राचे पितामह फ्रान्झ बोआस यांच्यासाठी तिने वर्षानुवर्षं सू लोकांच्या डकोटा भाषेची सामग्री जमवली, तपासली, अनुवादली. १९३२ मध्ये 'डकोटा टेक्स्ट्स' निघालं, १९४१ मध्ये बोआस यांच्या जोडीने डकोटा व्याकरण. पण पीएचडी नाही, विद्यापीठात पक्की जागा नाही. कामागणिक मिळणाऱ्या पैशांवर गुजराण आणि गळ्यात सगळं घर. ज्या शास्त्राला तिने पानंच्या पानं पुरवली, त्यात न मावलेलं तिने 'वॉटरलिली' या कादंबरीत घातलं. नात्यागोत्यांची बंधनं, बायकांचं जगणं. १९४०च्या दशकात लिहून झालेली ती कादंबरी १९८८ मध्ये छापून आली. एला १९७१ मध्येच गेली होती. आत्याची ही रोजंदारी पाहिलेल्या भाच्याने पुढे संशोधकांकडे बिल मागितलं, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही.

प्राध्यापकमहाशय म्हणतील, हा पैशांचा तंटा झाला, सत्याचं काय? सत्य कुणीही लिहिलं तरी सत्यच. तर मग पर्सी स्मिथची गोष्ट ऐका.

१८९२ मध्ये न्यूझीलंडात पॉलिनेशियन सोसायटी निघाली आणि तिचं जर्नल सुरू झालं. मानववंशशास्त्राच्या सर्वांत जुन्या नियतकालिकांपैकी ते एक. संस्थापकांपैकी एस. पर्सी स्मिथ हे वसाहतीचे सर्व्हेअर जनरल. माओरींची जमीन मोजायचं काम त्यांच्याच खात्याचं, आणि फावल्या वेळात माओरींचा इतिहास मोजायचा. सोसायटीची पहिली आश्रयदाती हवाईची राणी लिलिउओकलानी. वर्षभरातच गोऱ्या मळेवाल्यांनी तिला गादीवरून उतरवलं. स्मिथ यांनी ठिकठिकाणच्या वंशावळी गोळा केल्या, पिढ्यांची सरासरी काढली, दर पिढीला २५ वर्षं धरली आणि १९०० पासून २२ पिढ्या मागे गेले. उत्तर आलं १३५०. त्या साली सात मोठ्या नावांचा ताफा एकत्र निघून न्यूझीलंडला पोहोचला, अशी सुटसुटीत कथा तयार झाली. ती शाळेच्या पुस्तकांत गेली आणि माओरी मुलांनीही तीच पाठ केली. १९७६ मध्ये डी. आर. सिमन्स यांनी मूळ कागद तपासून दाखवलं, की असा एकत्र ताफा, अशी तारीख टोळ्यांच्या अस्सल परंपरांत नाहीच. वेगवेगळ्या टोळ्यांच्या वेगवेगळ्या कथा स्मिथ यांनी शिवून एक केल्या होत्या.

इथे माहितगार माओरी होते, हस्तलिखितं माओरींची होती. पण शिवलेलं कापड परत नेऊन 'हे तुमचंच ना?' असं ज्याला विचारायचं, तो समीक्षक त्या व्यवस्थेत कुठेच नव्हता. विद्वानांनी विद्वानांचं तपासलं. चूक उघडी पडायला दोन पिढ्यांहून जास्त काळ गेला. तेव्हा टोळीचा शब्द मागणं म्हणजे सोवळं नव्हे, तपासणीतला राहून गेलेला एक टप्पा आहे. प्राध्यापकमहाशयांना पुराव्याची एवढी चाड असेल, तर त्यांनीच तो मागायला हवा.

याच जर्नलची दुसरी बाजू मात्र माझ्या अंगावर येते. त्याच्या सुरुवातीच्या खंडांत माओरी मजकूर माओरीतच छापलेला आहे. ते जुने अंक आता इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात. स्मिथ यांचं गणित कोसळलं, तरी माओरी माणसांनी सांगितलेलं त्यात शाबूत आहे आणि आज त्यांचे वंशज ते वाचू शकतात. म्हणजे खुलेपणाने बिघडवलं आणि खुलेपणानेच राखलं. इथपर्यंत मी कुलूप तोडणाऱ्यांच्या बाजूने बोलत होतो. पण कुलूप तोडून भागत नाही, असं मला आता वाटतं.

ॲरिझोनातल्या हवासुपाई लोकांनी १९९० पासून विद्यापीठाच्या संशोधकांना रक्त दिलं. त्यांना मधुमेहाने ग्रासलं होतं आणि त्याचं कारण हवं होतं. त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यांतली लग्नं, पूर्वज कुठून आले, यांवर अभ्यास झाले, निबंध निघाले. रीतसर जर्नलांत, रीतसर समीक्षा होऊन. हवासुपाई ज्या दरीला आपलं मूळ मानतात, तिथे त्यांचे पूर्वज आशियातून आले, असं त्यांच्याच रक्ताच्या आधारे सांगण्यात आलं. खटला झाला. २०१० मध्ये ७ लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत, अशी तडजोड झाली. ते निबंध जगाला फुकट वाचायला ठेवले असते, तर काय सुधारलं असतं? अन्याय अधिक लोकांपर्यंत पोहोचला असता, इतकंच. २०१९ मध्ये आदिवासी अभ्यासकांनी विदेबाबत, म्हणजे डेटाबाबत, 'केअर' तत्त्वं मांडली (आपल्या यादीशी फक्त नावाचा योगायोग). त्यांचा रोख इथेच आहे. विदा खुली आहे का, एवढंच पुरत नाही. तिच्यावर हुकमत कुणाची, तेही विचारा.

सोवळ्याचा आरोप मात्र मी पुरता झटकत नाही. कॅनडा-अमेरिकेत आदिवासी असल्याचे काही प्राध्यापकांचे दावे खोटे निघाले, आणि त्यांची कारकीर्द त्याच ओळखीवर फुलली होती. ऑकलंडहून २००५ पासून निघणारं 'ऑल्टरनेटिव्ह' हे आदिवासी अभ्यासकांचं जर्नल आदिवासी भाषांतले निबंध स्वीकारतं, हे मोठंच काम. पण तेही पुढे 'सेज'च्या छत्राखाली गेलं, म्हणजे आमच्या ६ हजार कोटींतला एखादा दाणा तिकडेही जात असणार. लेखक आदिवासी आहे, एवढ्याने निबंध टोळीला उत्तरदायी होत नाही. मला लेखकाच्या जन्मदाखल्यात रस नाही. वस्तीला नाही म्हणता येतं का, एवढंच मी पाहतो.

आपल्याकडे ते येतं का? एका प्रबंधाचं परिशिष्ट माझ्यापुढे आहे. 'मला संशोधनाचा हेतू समजावून सांगण्यात आला असून मी स्वखुशीने सहभागी होत आहे.' खाली अंगठे. कुठे शाई पसरलेली, कुठे अंगठ्याशेजारी नाव, आणि सगळी नावं एकाच अक्षरात. पाडे दोन तालुक्यांत विखुरलेले, तरी प्रत्येक कागदावर तारीख एकच. परीक्षकांनी शेरा दिला: नैतिक बाबींची उत्तम काळजी.

दुसरीकडे गडचिरोलीचं मेंढा (लेखा). २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं गोंड गाव. तिथे निर्णयाआधी अभ्यासगट बसतो, आणि बाहेरून अभ्यासाला येणाऱ्याने ग्रामसभेला विचारायचं असतं. डेलोरियांचं पुस्तक तिथे कुणी वाचलं असण्याची शक्यता कमीच. गोंडवाना विद्यापीठ त्याच जिल्ह्यात आहे. त्याने एक शोधपत्रिका काढावी, निबंधाचा गोंडी किंवा मराठी गोषवारा ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय तो स्वीकारू नये आणि ग्रामसभेचा आक्षेप निबंधाबरोबरच छापावा. खर्च फार नाही. बढतीचे गुण मिळणार नाहीत, एवढीच अडचण.

प्राध्यापकमहाशयांनी न विचारलेला, पण विचारायला हवा होता असा एक प्रश्न राहतो. सातपुड्यातल्या एखाद्या गावात डाकीण ठरवून बाईला मारलं, त्यावर कुणी निबंध लिहिला आणि गावाने एकमुखाने सांगितलं, छापू नका. मग? गावाचा नकार म्हणजे अनेकदा गावातल्या पुरुषांचा नकार असतो, आणि कौन्सिल, ग्रामसभा, पंच यांनी दिला म्हणून तो आपोआप पवित्र होत नाही. अशा वेळी ती बाई वाचली असेल तर मी तिला विचारीन. ती नसेल तर तिच्या मुलीला. ती हो म्हणाली तर गावाचं नाव गाळून निबंध छापावा, आणि गावाचा आक्षेपही त्याच अंकात, पुढच्याच पानावर छापावा.