नाक पळत होतं?

वही इकडे आण. हे वाक्य मोठ्यानं वाच. 'हर नोज वॉज रनिंग.' खाली तुझं भाषांतर: 'तिचं नाक पळत होतं.' पुढचं वाच. 'द जेली हॅज सेट.' 'जेलीचा संच झाला आहे.'

कुणाचं नाक पळालेलं पाहिलंस आजवर? लिहिताना हात थबकला नाही? थबकला होता. शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून खोडलंयस, कागदावर वळ अजून दिसतोय. म्हणजे चुकतंय हे तुला कळलं होतं. कळूनसवरून पुढं गेलास. राग त्याचा आहे. ज्याला कळतच नाही त्याला हाताला धरून शिकवीन. तुला काय करू?

सबब तयारच असेल. 'सर, एका शब्दाला शंभर अर्थ, पाठ तरी किती करायचे?' पाठ करायला सांगितलं कुणी? पाठांतरानंच ही गत झाली. कधीतरी लहानपणी 'सेट म्हणजे संच, रन म्हणजे पळणे' घोकलंस आणि त्या शिळ्या भाकरीवर अजून दिवस काढतोयस.

आणि तो 'संच'सुद्धा दुसऱ्या घरचा. त्या अर्थाचा 'सेट' जुन्या फ्रेंचमधून आला. क्रियापद अस्सल इंग्रजी, मुळात 'सिट'चं प्रयोजक रूप. बसणे, बसवणे. आता चालव डोकं. अंगठीत खडा बसवतात: सेट. मोडलेलं हाड बसवतात: सेट. पातळ जेली थिजून जागच्या जागी बसते: सेट. पहाटेचा गजर लावतोस, उंदराला सापळा लावतोस, तिथंही काहीतरी नेमक्या जागी बसवणंच आहे. 'रन'ची तऱ्हा उलटी. त्याला थांबणं ठाऊक नाही. नळ वाहतो, नाक गळतं, यंत्र चालतं, धुण्यात कच्चा रंग जातो, रस्ता गावातून जातो, वडील दुकान चालवतात. निवडणुकीला अमेरिकेतला माणूस 'रन' करतो. आपला आणि इंग्लंडातला उभा राहतो. यात घोकण्यासारखं काय आहे? बघण्यासारखं आहे!

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढे 'रन'नं तिला मागं टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. संपादक पीटर गिलिव्हर नऊ महिने त्या एका शब्दापाशी बसले होते. तू मोबाइलवर कोश उघडतोस, पहिली ओळ वाचतोस आणि मिटतोस. दुसरी ओळ वाचायला किती वेळ लागतो रे?

'मी मराठी माध्यमाचा' हे रडगाणं तर माझ्यापुढं नकोच. मराठीच तुझ्याविरुद्ध साक्ष देते. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, घाट लागतो, आजीला तुझा लळा लागतो. याची वही केली होतीस कधी? आई स्वयंपाकघरातून 'दूध लागलं' म्हणाली तर दुधाची जखम शोधतोस? नाही. शेजारचा शब्द बघतोस, प्रसंग बघतोस आणि अर्थ लावतोस. ऐक, अर्थसुद्धा 'लावतोस'! हे तुला येतं. रोज येतं, दिवसभर येतं. इंग्रजीचं पान उघडलं की तीच अक्कल गहाण का टाकतोस? भीती वाटते म्हणू नकोस. भ्यायलेला मुलगा प्रश्नचिन्ह काढत नाही. तू काढलंस आणि कंटाळ्यानं खोडलंस.

डोकं नसतं तर एवढा बोललो नसतो.

ही वीसच्या वीस वाक्यं पुन्हा लिही. कोश शेवटच्या ओळीपर्यंत वाच. अडलं तर प्रश्नचिन्ह काढ, पण खोडू नकोस. उद्या सकाळी सात वाजता मी वर्गात असेन.