टेबलावरचा संगणक कधी बदलणार?

अ‍ॅपलच्या मॅक मिनी या छोट्या डेस्कटॉपला जून २०१० मध्ये अ‍ॅल्युमिनियमची नवी पेटी मिळाली. लांबी-रुंदी १९.७ सेंटिमीटर. 'आता लवकरच मिनीचं रूप पालटणार' असे अंदाज पुढे अनेकदा बांधले गेले आणि तितक्याच वेळा फसले. नोव्हेंबर २०२० मध्ये आतला इंटेलचा प्रोसेसर जाऊन अ‍ॅपलची स्वतःची एम-१ चिप आली. मदरबोर्ड इतका लहान झाला की पेटीतली बरीच जागा रिकामी राहिली. तरी पेटी तीच! ती बदलली थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि लांबी-रुंदी १२.७ सेंटिमीटरवर आली. उंची मात्र थोडी वाढली.

या चौदा वर्षांत अंदाज का फसले, हे पाहण्यासारखं आहे. अंदाज बांधणारे कंपनीच्या वेळापत्रकाकडे पाहत होते: मागचं मॉडेल कधी आलं, स्पर्धकानं काय काढलं, दिवाळी-नाताळच्या आधी काय येईल. संगणकाचं रूप अशा तारखांना बदलत नाही. त्याला आतून काहीतरी ढकलावं लागतं, आणि बहुतेक वेळा ढकलणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे उष्णता.

इंटेलचंच उदाहरण घ्या. १९९५ मध्ये या कंपनीनं एटीएक्स नावाची मांडणी ठरवून दिली. मदरबोर्डचं माप, स्क्रूची भोकं, वीजपुरवठ्याची जोडणी, मागच्या बाजूची छिद्रं असं सगळं तीत नेमकं बांधलेलं होतं. पुढे पेंटियम-४ इतका तापू लागला की जुन्या मांडणीत हवा पुरेना. मग २००४ च्या सुमारास इंटेलनं बीटीएक्स नावाची नवी मांडणी बाजारात आणली. पंखा पुढे, प्रोसेसर वाऱ्याच्या सरळ रेषेत, बाकीचे भाग त्याच्यामागे. विचार पक्का होता, पाठीशी जगातली सर्वांत मोठी चिप-कंपनी होती. पण २००६ मध्ये इंटेलचेच कोअर-२ प्रोसेसर आले. ते थंड होते, त्यामुळे नव्या मांडणीची गरजच संपली आणि बीटीएक्स गुंडाळावी लागली. आज पुण्यातल्या दुकानातून साधं कॅबिनेट आणलं, तरी त्यातली भोकं तीस वर्षांपूर्वीच्या एटीएक्सचीच असतात.

उलटा प्रकारही घडला. २०१३ मध्ये अ‍ॅपलनं मॅक प्रो हा व्यावसायिकांचा मोठा संगणक काळ्या नळकांड्याच्या आकारात आणला. मधोमध तिकोनी धातूचा गाभा, त्याच्या तीन बाजूंना प्रोसेसर आणि दोन ग्राफिक्स कार्डं, वर एकच पंखा. उष्णता तीन बाजूंना सारखी वाटली जाईल, असं गृहीत धरलं होतं. काळ मात्र एकाच बलाढ्य ग्राफिक्स कार्डाच्या दिशेनं गेला आणि त्या नळकांड्यात ते बसेना. चूक कंपनीनं एप्रिल २०१७ मध्ये पत्रकारांपुढे कबूल केली. पुन्हा चौकोनी पेटी यायला २०१९ उजाडलं.

म्हणजे कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळांमध्ये संगणकाचं रूप ठरतं ते प्रामुख्यानं चिपच्या तापण्यावरून. पण पुणे जिल्ह्यातल्या मुळशीसारख्या तालुक्यातल्या संगणकाला तापण्याशिवाय आणखी बरंच काही सोसावं लागतं, आणि ते या हिशेबात अजून आलेलंच नाही.

हा तालुका या विषयासाठी मुद्दाम निवडावा असाच आहे. त्याच्या पूर्व टोकाला हिंजवडी, एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस अशा कंपन्यांमधून साऱ्या जगासाठी सॉफ्टवेअर लिहिलं जातं. त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणीचा घाट, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस नवलाचा नाही. मध्ये मुळशीचं धरण. त्याच्यासाठी जमिनी गेलेल्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झालंच, त्याचं पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला उतरलं आणि १९२७ पासून तिथली वीज मुंबईकडे जाऊ लागली. विजेचा उगम इतका जवळ असूनही घाटमाथ्याकडच्या वाड्यांना वादळी पावसात लाईट जाण्याचा धाक आजही असतो.

अशा गावात सरकारी दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्रात डेस्कटॉप कसा नांदतो? कॅबिनेट जमिनीला ओल येते म्हणून विटांवर किंवा लाकडी फळीवर चढवलेलं. शेजारी यूपीएस, अंगठ्याचं मशीन, वेबकॅम, प्रिंटर, आणि या सगळ्यांच्या वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात. कॅबिनेटचा पंखा दिवसभर दमट हवा आत ओढतो, तिच्याबरोबर धूळ येते आणि ओल्या धुळीचा पापुद्रा बोर्डावर बसतो. श्रावणात कधीतरी सकाळी बटण दाबलं की नुसतीच पीप-पीप होते, स्क्रीन काळा. मग दुरुस्तीवाला येतो, रॅमची पट्टी उपसतो, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासतो, फुंकर मारून पट्टी परत खटकन बसवतो आणि संगणक सुरू होतो. महाराष्ट्रातल्या हजारो टेबलांवर दर पावसाळ्यात हेच चालतं. तोवर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पहाटेची एसटी पकडून आलेला माणूस बाकावर बसून राहतो.

हा बिघाड नशिबाचा नाही, तो रचनेचा आहे. वातानुकूलित कार्यालयासाठी आखलेलं यंत्र घाटातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं की असंच होणार.

विजेचा मामला तर आणखी विचित्र आहे. साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. लाईट गेली की यूपीएस तिचे १२ व्होल्ट २३० व्होल्टच्या एसीत बदलतो. तो एसी कॅबिनेटमधल्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यात, शिरतो आणि तिथे त्याचे पुन्हा १२ व्होल्ट डीसी होतात! दोन्ही फेऱ्यांत वीज वाया जाते, आणि बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत मान टाकते. अर्ज अर्धवट राहतो, कधी कधी शुल्क कापलं गेलेलं असतं आणि पावती निघालेली नसते. इंटेलनं २०२० च्या सुमारास एसएमपीएसनं फक्त १२ व्होल्टच द्यावेत, बाकीची रूपांतरं बोर्डावर करावीत, असं नवं मानक पुढे आणलं. शहरात त्याचा अर्थ वीजबचत एवढाच. मुळशीत त्यातून पुढची पायरी सुचते: बॅटरी थेट संगणकाला जोडा, मधला एसी काढूनच टाका. आजचा मॅक मिनी नुसता चालू असताना चार-पाच वॅट खातो. रास्पबेरी पाय हा २०१२ पासून मिळणारा हाताच्या पंजाएवढा संगणकही थोडक्यावर भागवतो. अशा यंत्राला बॅटरीवर चालणारा छोटा स्क्रीन दिला, तर तीच बॅटरी तासभर सहज साथ देईल. सुटे भाग आज बाजारात आहेत. ते एकत्र करून गावाच्या टेबलावर ठेवायचं काम कोणी अंगावर घेतलेलं नाही.

आपल्याकडे असं काम झालंच नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. विजय भटकरांच्या नेतृत्वाखालचा 'परम' महासंगणक सर्वांना आठवतो, पण सामान्य टेबलापर्यंत पोहोचलं ते दुसरंच काम. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं, भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं 'जिस्ट' नावाचं संशोधन मोहन तांबे यांनी सी-डॅकमध्ये पुढे नेलं आणि त्यातून जिस्ट कार्ड आलं. आयबीएमनं १९८१ च्या आपल्या पीसीमध्ये पाच मोकळे स्लॉट ठेवले होते आणि त्याची तांत्रिक माहितीही छापून दिली होती. त्या वंशातल्या संगणकाच्या स्लॉटमध्ये हे कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटू लागे. पेटी बाहेरून तीच राही, पण तिचा उपयोग बदलून जाई. खुल्या रचनेचं मोल याहून स्पष्ट कुठे दिसणार? आजच्या चिटकवून बंद केलेल्या, रॅमही बदलता न येणाऱ्या यंत्रांमध्ये जिस्ट कार्डाला जागाच मिळाली नसती. मॅक मिनीचं कमी वीज खाणं घ्यावं, पण त्याचं बंदिस्तपण मात्र गावाला परवडणारं नाही, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं.

डेस्कटॉप हटवून पाहण्याचा प्रयोगही महाराष्ट्रानं केला आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरात कोल्हापूर-सांगलीतल्या सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आखला गेला. सहकारी साखर कारखान्याच्या आधारानं गावोगावी संगणक केंद्रं उघडली. ऊस किती गेला, तोडणी कधी, खताची उधारी किती, हे शेतकऱ्याला गावातच कळू लागलं. काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या संशोधकांनी पाहिलं तर संगणक प्रामुख्यानं एवढ्याच देवघेवीसाठी वापरले जात होते. त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी एसएमएसवर चालणारा साधा मोबाईल ठेवला आणि सुमारे आठ महिने चालवून पाहिला. तेच काम कमी खर्चात झालं.

वारणेचा अर्थ पुष्कळ जण असा लावतात की गावातल्या डेस्कटॉपचे दिवस भरले. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झालेल्या ई-पीक पाहणीनं त्याला बळच दिलं: शेतकरी बांधावर उभा राहून मोबाईलवरच पिकाची नोंद करतो. ही वाट चांगलीच आहे. पण ज्या कामात एकच आकडा विचारायचा असतो ते फोनवर होतं. सहा कागद स्कॅन करायचे, आधारचा ठसा घ्यायचा, फोटो काढायचा, इंग्रजीतला अर्ज वाचून भरायचा आणि शेवटी शिक्क्यासाठी कागद छापायचा, हे काम आजही टेबलावरच होतं. तिथे यंत्र एक आणि माणसं दोन, भरणारा आणि भरून घेणारा. डेस्कटॉपची घडण मात्र पहिल्या दिवसापासून एकाच माणसासाठी झालेली आहे.

इथे शेजारच्या कर्नाटकाकडून शिकण्यासारखं आहे. जमिनीचे उतारे देणाऱ्या तिथल्या 'भूमी' केंद्रांमध्ये दुसरा पडदा शेतकऱ्याच्या बाजूला तोंड करून ठेवला होता. आपल्या नावापुढे काय टंकलं जातंय, क्षेत्र किती लिहिलं जातंय, हे त्याला समोर दिसे. नावाचं एक अक्षर चुकलं, तरी वारस नोंदीपासून पीकविम्यापर्यंत माणसाला किती खेटे घालावे लागतात, ते सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठी तलाठ्याकडे गेलेल्या कोणालाही विचारा. त्या दुसऱ्या पडद्याला नवी चिप लागली नाही, नवं संशोधनही लागलं नाही. खरेदी करणाऱ्या सरकारनं तो मागितला आणि तो आला.

या लेखाचा सगळा रोख त्या मागण्यावर आहे. उष्णतेनं जसं कंपन्यांना रूप बदलायला भाग पाडलं, तसं सार्वजनिक खरेदीचा कागदही भाग पाडू शकतो. आज त्या कागदावर प्रोसेसरची पिढी, रॅम, एसएसडी आणि पडद्याचे इंच लिहिलेले असतात. दमट हवेत किती दिवस चालेल, बॅटरीवर किती वेळ चालेल, गावातला माणूस स्क्रू-ड्रायव्हरनं तो उघडू शकेल का, हे प्रश्न त्यात सहसा नसतात. देशी कंपन्या हे ओळखून काही करतील, ही आशाही बरीच मावळली आहे. हिंजवडीत मोठा पसारा असलेल्या विप्रोनं स्वतःच्या नावाचे संगणक बनवणं २०१३ मध्येच थांबवलं.

मग हा बदल कधी? मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि साधारण २०१७ नंतरचे प्रोसेसर लागतात, त्यामुळे जुने संगणक मोठ्या संख्येनं मोडीत निघणार. त्यांच्या जागी येणारे बहुतेक त्याच एटीएक्स घराण्यातले असतील; या फेरीत रूप बदलण्याची वेळ टळून गेली आहे. सरकारी टेबलावरचा संगणक पाच-सहा वर्षं तरी काढतो. तेव्हा पुढची खरी संधी २०३० ते २०३२ च्या दरम्यान, असा अंदाज बांधता येतो. तोवर कमी विजेच्या चिप आणखी स्वस्त होतील आणि पंख्याशिवायची, बंद पण स्क्रूनं उघडता येणारी पेटी सर्रास मिळू लागेल.

त्याची तयारी मात्र आताच सुरू व्हायला हवी. मुळशीतली पाच-सहा सेवा केंद्रं निवडावीत, ताम्हिणीच्या बाजूची दोन, धरणाकाठची दोन, पौड-पिरंगुटकडची एखाद-दुसरी. तिथे बिनपंख्याचा, १२ व्होल्टवर थेट चालणारा, दोन पडद्यांचा संगणक जून ते सप्टेंबर ठेवावा, आणि शेजारच्या तितक्याच केंद्रांत नेहमीचा. किती वेळा बंद पडला, लाईट गेल्यावर किती अर्ज पुरे झाले, नावाच्या किती चुका समोरच्या माणसानंच पकडल्या, याची वहीत नोंद व्हावी. हिंजवडीच्या एखाद्या कंपनीला हा खर्च जाणवणारही नाही, आणि तालुक्याच्या तहसील कचेरीला पुढच्या खरेदीत काय मागायचं ते त्या वहीतून उतरवून घेता येईल.