माणदेशाचं आकाश काळं नसतं

निसर्गदृश्यांचे कृष्णधवल फोटो संपादित करताना एक सवय हल्ली सर्रास दिसते. रंग काढायचा, कॉन्ट्रास्ट चढवायचा, आकाश जवळजवळ काळं होईपर्यंत खाली ओढायचं, ढगांच्या कडा पांढऱ्याफेक करायच्या आणि चारही कोपरे गडद करून नजर मध्याकडे ढकलायची. याला ‘मूड आणणं’ म्हणतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली अशी चित्रं एकापाठोपाठ एक पाहिली की या सवयीतला दोष उघडा पडतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला जेमतेम पाचशेच्या आसपास. एवढ्याशा अंतरात हवा बदलते, माती बदलते, झाडं बदलतात, आभाळाकडे बघण्याची माणसाची तऱ्हाही बदलते. संपादित चित्रांत मात्र कोयनेचा जुलै आणि जतचा मे एकाच काळ्याकुट्ट आभाळाखाली उभे असतात. माझं म्हणणं असं की कृष्णधवल चित्रातला भाव त्या ठिकाणच्या हवेत आणि उजेडात आधीच असतो आणि तो ओळखून वर आणणं हे संपादनाचं काम आहे. बाहेरून आणून चढवलेला भाव कितीही भारदस्त वाटला, तरी तो त्या जागेबद्दल काहीच सांगत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: रंग काढला तिथेच वास्तव संपलं, मग खरं-खोटं करायचं कशाला? आक्षेप निम्मा खरा आहे. कृष्णधवल चित्र तटस्थ कधीच नव्हतं. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा निळ्या उजेडाला फार संवेदनशील होत्या, त्यामुळे जमीन नीट उमटेपर्यंत आकाश जळून कोरं पडायचं. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५०च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवर आणि ढग दुसऱ्या निगेटिव्हवर घेऊन एकाच कागदावर छापले. आजही संगणकावर रंग काढण्याची आज्ञा दिली की कुणीतरी आधी घेतलेला निर्णयच अमलात येतो. दूरचित्रवाणीच्या काळापासून रूढ असलेल्या एका प्रमाणात हिरव्याला सुमारे ५९, तांबड्याला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन दिलेलं आहे. हे प्रमाण कासच्या सड्यावर लावून बघावं. सप्टेंबरात गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, जांभळट निळी सीतेची आसवं आणि पांढरा गेंद यांनी पठार भरून जातं. तयार प्रमाणाने रंग काढला की तेरडा आणि गवत जवळजवळ एकाच करड्या छटेत मिसळतात, फुलांचा पत्ताच लागत नाही, गेंदाचे पांढरे ठिपके तेवढे उरतात. तांबड्याचं वजन वाढवलं तर तेरडा आणि सोनकी उजळून वर येतात आणि गवत मागे सरतं. निळ्याचं वाढवलं तर सोनकी काळी पडते आणि सीतेची आसवं उजळतात. म्हणजे एकाच सड्याची दोन-तीन वेगळी चित्रं होतात आणि त्यांतलं कुठलंही खोटं नाही, कारण प्रत्येकातला फरक फुलांच्या रंगातूनच आलेला आहे. संपादकाला निवड करावी लागते हे मान्य. पण निवड करावी लागते म्हणून सगळ्या निवडी सारख्या ठरत नाहीत.

काळ्या आकाशाचीच गोष्ट घेऊ, कारण सगळा मोह तिथे साचलेला आहे. या आकाशाचं घराणं अॅन्सेल अॅडम्सपाशी जातं. १९२७ साली त्याने योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा फोटो आधी पिवळा फिल्टर लावून घेतला. मनातला गांभीर्याचा भाव त्यात उतरणार नाही असं वाटल्यावर उरलेल्या प्लेटवर लाल फिल्टर लावून पुन्हा घेतला आणि आकाश जवळजवळ काळं उमटलं. १९४१ सालच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’चे प्रिंट त्याने पुढे अनेक वर्षं काढले आणि त्यांतलं आकाश उत्तरोत्तर गडद होत गेलं. हे उदाहरण पुढे करून लोक म्हणतात, की त्याला चालतं तर आम्हाला का नाही? पण लाल फिल्टर काय करतो ते नीट पाहायला हवं. तो निळा उजेड अडवतो, म्हणून निळं आकाश गडद होतं. उंचावरच्या, कोरड्या, स्वच्छ हवेत आकाश मुळातच गर्द निळं असतं. तेव्हा अॅडम्सचा काळेपणा त्या डोंगरांच्या हवेतूनच आला होता, त्याने तो पुढे रेटला इतकंच. आपल्याकडेही पाऊस सरल्यावर, हवा धुऊन निघालेली असताना, कासच्या पठारावरून असं आकाश मिळतं आणि तिथे ते गडद करायला माझी काहीच हरकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात मात्र हवेत धूळ तरंगत असते. आकाश निळं राहतच नाही, ते पांढुरकं, फुफाट्याच्या रंगाचं होतं. पांढुरक्या आकाशात सगळेच रंग थोडेफार सारखे असतात, त्यामुळे लाल फिल्टर तिथे हतबल ठरतो. त्या आकाशाला काळं करायचं तर संगणकावर ते वेगळं कापून काढून हाताने काळं करावं लागतं. असं केलेलं चित्र जवळून पाहिलं तर खूण सापडते: डोंगराच्या धारेला चिकटून एक उजळ झालर राहते, बाभळीच्या काटक्यांमधून गोरे ठिपके डोकावतात आणि आकाशात मुरमासारखे दाणे उठतात.

तंत्रातली ही चूक सुधारता येईल. अर्थाची चूक सुधारत नाही. काळं आभाळ बघणाऱ्याला पावसाची चाहूल देतं, मग चित्रकर्त्याच्या मनात काहीही असो. माणदेशातल्या उन्हाळ्याचं सगळं दुःख आभाळात काहीच नसण्यात आहे. दुपारी सावल्या आखडून झाडांच्या बुंध्याशी जातात, मुरूम आणि आकाश जवळजवळ सारखेच उजळ होतात आणि क्षितिजाची रेघ पुसट होत जाते. हा भाव पकडायचा तर चित्र फिकट ठेवण्याचं धाडस हवं. वरच्या छटांमधले बारीक फरक जपायचे, काळा रंग एखाद्या बोरीच्या खोडापुरता किंवा विहिरीच्या तोंडापुरता राखायचा आणि आभाळ कोरंच राहू द्यायचं. डोळे मिचकावावे लागतील असं चित्र व्हायला हवं. ते ‘वॉश आउट’ झालं अशी तक्रार होईल, पण त्या दिवशी मुलूखही तसाच झालेला असतो.

पश्चिमेला, घाटमाथ्यावर, चूक उलट्या दिशेने होते. ठोसेघरच्या दरीत किंवा कोयनेच्या खोऱ्यात झड लागलेली असताना काढलेल्या चित्रात ना पुरता काळा असतो ना पुरता पांढरा; सगळ्या छटा मधल्या करड्या पट्टीत दाटीवाटीने बसतात. संपादनाच्या सॉफ्टवेअरला हे आजारपण वाटतं. ‘ऑटो’ दाबलं की ते ही पट्टी दोन्ही टोकांना ताणतं. २०१५मध्ये अॅडोबीने ‘डीहेझ’ हा स्लायडर दिला, तेव्हापासून धुकं पुसणं एका बोटाचं काम झालं. पण सह्याद्रीच्या रांगांची खोली त्या धुक्यावरच उभी असते. जवळची रांग गडद, तिच्यामागची थोडी फिकट, त्यामागची आणखी फिकट, शेवटची असून नसल्यासारखी. धुकं ओढून काढलं की चारही रांगा सारख्याच ठसठशीत होतात, अंतर नाहीसं होतं आणि दरी सपाट पडते. दुर्बिणीने पाहण्यासाठी हे सोयीचं असेल, पण पावसाळ्यातल्या घाटाचा भाव समोरचं नीट न दिसण्यातच असतो. इथे संपादकाने हात आखडता घ्यावा. फार तर पुढच्या कातळाच्या ओल्या कडा थोड्या गडद कराव्यात, म्हणजे मागचं विरत जाणं अधिक जाणवेल.

याच पाण्याचं पुढे सांगलीत काय होतं, तिथे हा प्रश्न कलेपुरता राहत नाही. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सांगलीचा पूर दगडफोड्या लाटांचा नसतो. नदीला उतार कमी, त्यामुळे पाणी इंचाइंचाने चढतं, पसरतं आणि दिवसेंदिवस हलत नाही. गढूळ पाणी आणि ढगाळ आभाळ कृष्णधवल चित्रात एकाच करड्या रंगाचे होतात, त्यात उसाचे शेंडे आणि घरांचे पत्रे तरंगल्यासारखे दिसतात. या सपाट करड्यात वाट बघण्याची जी घालमेल आहे तीच त्या पुराची ओळख आहे. कॉन्ट्रास्ट चढवून त्याला खवळलेला समुद्र केलं तर दूरचा वाचक चुकीच्या संकटाला हळहळतो. वृत्तछायाचित्रणाने ही मर्यादा ओळखलेली आहे. २०१५च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचलेली सुमारे वीस टक्के चित्रं फेरफारामुळे बाद झाली. सावल्यांतला तपशील मिटेपर्यंत गडद करणं हाही त्यातला एक प्रकार होता.

याहून अवघड आक्षेप वेगळा आहे: दुष्काळी मुलूख कृष्णधवल करणं हेच मुळात त्याला भूतकाळात ढकलणं नाही का? आटपाडीत आज टेंभू योजनेचं पाणी आलं आहे, डाळिंबाच्या बागा आहेत. रंग काढला की १९५० आणि आज यांत फरक उरत नाही. या आक्षेपात तथ्य आहे, तरी त्याचा रोख रंगावर धरणं चूक आहे. व्ही. शांताराम यांनी १९५५मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ रंगीत केला आणि १९५७मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ कृष्णधवल. या दुसऱ्या चित्रपटामागे औंध संस्थानात आटपाडीजवळ वसवलेल्या स्वतंत्रपूर या मोकळ्या तुरुंगाचा प्रयोग होता. रंग हाताशी होता, तरी उघडं रान, माती आणि राबणारी माणसं यांच्यासाठी त्यांना कृष्णधवल कमी पडलं नाही आणि तो चित्रपट तेव्हा जुन्या काळचा वाटला नाही. चित्र भूतकाळात जातं ते काटछाटीमुळे. पाण्याची पाइपलाइन, विजेच्या तारा, ठिबकच्या नळ्या, चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्या या गोष्टी ‘भाव बिघडवतात’ म्हणून संपादनात पुसल्या जातात. खरं तर पावसाळी करड्या आभाळावर पवनचक्कीचं पांढरं पातं उठून दिसतं. ते ठेवलं तर चित्र आजचं राहतं आणि बिघडत काहीच नाही.

उरतो प्रेक्षकाचा मुद्दा. मोबाइलच्या पडद्यावर फिकट किंवा करडं चित्र क्षणभरही टिकत नाही, काळ्या आभाळावर बोट थांबतं, असं छायाचित्रकार सांगतात आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या पडद्यासाठी केलेलं चित्रच पुढे स्पर्धेला जातं, दिनदर्शिकेत छापलं जातं, जिल्ह्याची ओळख म्हणून भिंतीवर लागतं. तिथे निवड करणाऱ्यांच्या हातात एक सोपी गोष्ट आहे: संपादित चित्रासोबत मूळ फाइल मागायची आणि आकाशाचा कुठला भाग हवेने गडद केला आहे, कुठला हाताने, हे विचारायचं. हाताने केलेलं सरसकट बाद करावं असं मी म्हणणार नाही. पण जतच्या मे महिन्यातल्या आभाळात काळेपणा का आणला, याचं उत्तर चित्रकर्त्याकडे असायला हवं आणि ‘छान दिसतं’ हे उत्तर पुरेसं मानलं जाऊ नये.