दोषाचा धनी कोण?

पानिपतच्या कारखान्यांत युरोप-अमेरिकेतून आलेले जुने लोकरी कपडे रंगवार निवडले जातात, बायका त्यांची बटणे आणि चेन कापून काढतात आणि मग त्या चिंध्या पिंजून त्यांचे सूत काढले जाते. रंग निवडीतच साधलेला असल्यामुळे बहुधा सूत पुन्हा रंगवावे लागत नाही. परंतु तांबड्या ढिगात एखादी निळी चिंधी गेली आणि ब्लँकेटला डाग पडला, तर त्याचा जाब कोणाला विचारावयाचा, हा प्रश्न माझ्या मते केवळ व्यवहाराचा नव्हे, धर्माचा आहे.

कारखान्यातल्या दोषांचा शास्त्रशुद्ध विचार पूर्वीच झालेला आहे. मोटोरोला कंपनीत १९८६ च्या सुमारास सिद्ध झालेली ‘सिक्स सिग्मा’ ही पद्धती दहा लाख संधींमागे ३.४ दोषांचे ध्येय ठेवते आणि तिचे शिक्षण घेणारास ज्यूदोतल्याप्रमाणे हिरवा, काळा असे पट्टे बहाल करते. तिचे मूळ मात्र संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांच्या १९२४ च्या नियंत्रण-आलेखात आहे. प्रत्येक प्रक्रियेत काही चढउतार स्वभावतःच असतात आणि काहींचे निश्चित कारण शोधता येते, हा त्यांचा विवेक; पहिल्या प्रकारच्या चढउताराबद्दल कामगारास दंड करणे म्हणजे निव्वळ अन्याय होय. त्यांचेच अनुयायी डेमिंग यांच्या अंदाजाने तर सुमारे ९४ टक्के दोष व्यवस्थेचे असतात.

पानिपतच्या उत्तरेस, फार दूर नाही अशा कुरुक्षेत्री सांगितल्या गेलेल्या गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे गणली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव, आणि केवळ स्वतःलाच कर्ता मानणाराची दृष्टी सदोष ठरविली आहे. निवडीच्या जागेतला अंधुक प्रकाश, बोथट कात्री, नगावर ठरणारी मजुरी, हे सारे अधिष्ठानात आणि करणात येते. जाब मात्र एकट्या कर्त्याकडून, म्हणजे त्या बाईकडून घेतला जातो.

पानिपतच्याच भूमीवर १४ जानेवारी १७६१ रोजी अब्दालीच्या हातून झालेल्या मराठ्यांच्या संहाराचा दोषही आपण पिढ्यान्‌पिढ्या माणसांवर, कधी भाऊसाहेबांवर, कधी होळकरांवर, लादत आलो. परंतु अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून दिल्लीची वाट रोखली, डिसेंबरात रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, अंतर्वेदीतून येणारी रसद खुंटली, आणि यात्रेकरूंसह प्रचंड बुणग्यांचे पोट भरण्याचा भार उपाशी फौजेवर राहिला. या गोष्टींची तहकिकात करू लागताच व्यक्तीवरचा राग ओसरतो आणि शोक अधिक गहिरा होतो.

मग दोष पाच ठिकाणी वाटला गेला म्हणून कर्त्याची जबाबदारी नाहीशी होते काय? मुळीच नाही; ती अधिकाराच्या प्रमाणात वाढते. भाऊसाहेब सेनापती होते, म्हणून अधिष्ठानाची चिंता वाहणे हे त्यांचेच कर्तव्य होते आणि तेवढ्यापुरते उत्तरही त्यांनाच द्यावे लागते. शिपायास ते विचारता येत नाही. डेमिंग १९५० साली जपानात गेले तेव्हा त्यांनी कारखान्यांच्या मुख्यांना मुद्दाम समोर बसवून ऐकविले, ते याच कारणाने. आपल्याकडे मात्र सिक्स सिग्माच्या वर्गाला प्रमाणपत्रासाठी पाठविला जातो तो बहुधा तरुण पर्यवेक्षक, ज्याला दिवा बदलण्याचाही अखत्यार नसतो आणि मजुरीचा दर ठरविण्याचा तर नसतोच नसतो. कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे की, या वर्गातील पहिली खुर्ची त्यांनी स्वतःसाठी राखावी आणि तोवर त्या बाईच्या मजुरीतून डागाचा एक पैसाही कापू नये.