करण आणि कर्ता

रत्नागिरीहून किनाऱ्याने गणपतीपुळ्याकडे जाणारा रस्ता आरे-वारे येथे टेकडीच्या कडेवर चढतो आणि डाव्या हातास, सुरूच्या बनापलीकडे, दोन पुळणी एकदम दृष्टीस पडतात. ज्या भूमीत पाणी कधी गोठत नाही, तेथे बसून बर्फाच्या उभ्या भिंतीवर चढण्याच्या हत्यारांचा विचार करावा, हे कोणास विसंगत वाटेल. परंतु मनुष्याने आपल्या कर्माचे साधन निवडणे हा केवळ सोयीचा व्यवहार आहे की त्यात धर्माधर्माचाही काही अंश आहे, हा प्रश्न बर्फावर जितका उघडा पडतो तितका अन्यत्र क्वचितच पडत असेल. आणि कोकणातली व देशावरली मुले सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर हात घट्ट करून उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बर्फाचे शिक्षण घेण्यास जातात, त्या अर्थी तो प्रश्न आपल्या घरचाही आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, नानाविध करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. भाष्यकारांनी करण म्हणजे इंद्रिये असा अर्थ केला, आणि मोक्षविचारात तो योग्यच आहे. पण ज्याचा देह पोलादाच्या दोन टोकांवर लटकलेला आहे, त्याच्या बाबतीत ते पोलाद इंद्रियांच्या पंक्तीस बसवण्यास हरकत दिसत नाही. या पाचांपैकी बर्फाची भिंत आरोहकाच्या हुकमतीत नाही, दैव तर नाहीच. त्याचे शरीर थंडीने आणि मन भीतीने कधी जवाब देईल याचीही त्यास खात्री नसते. एकट्या करणावर त्याची पूर्ण मुखत्यारी आहे, आणि तीही पायथ्याशी उभा असेपर्यंतच. भिंतीच्या मध्यावर गेल्यानंतर हातातील आइस-ॲक्स बदलून घेता येत नाही. कर्त्याचे स्वातंत्र्य म्हणून जे काही आहे, ते अशा प्रकारे सर्वच्या सर्व निवडीच्या त्या एका घटकेत साठलेले असते.

ही निवड सोपी नाही, कारण बर्फ हा एकच एक पदार्थ नाही. आपल्याकडील जांभा खाणीत ओला असतो तेव्हा टिकावास वश होतो आणि वाऱ्याउन्हात राहिला की कठीण होतो. बर्फाच्याही अशाच अवस्था आहेत. कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या धबधब्याचा बर्फ ठिसूळ असतो, घाव बसताच त्याची थाळीएवढी खपली सुटून अंगावर येते. शून्याजवळच्या तापमानात तोच बर्फ मऊ होऊन पाते सहज आत घेतो. हिमनदीवरून चालणाऱ्यास लांब व सरळ दांड्याची ॲक्स हवी, कारण घसरल्यास तिच्यावर सारा भार टाकून स्वतःस थोपवायचे असते. उभ्या भिंतीवर मात्र आखूड, वाकड्या दांड्याची दोन हत्यारे लागतात. पात्याचा बाक तर फार मागाहून आला. पूर्वीची सरळ पाती उभ्या बर्फातून निसटत असत. १९६६ साली इव्हॉन शुईनार्ड या अमेरिकन आरोहकाने हाताच्या फेकीची कमान लक्षात घेऊन वाकलेल्या पात्याची ५५ सेंटिमीटर लांबीची ॲक्स एका फ्रेंच कारखान्याकडून करवून घेतली.

साधन जितके उत्तम तितके आरोहणाचे पुण्य कमी, असा एक पक्ष पूर्वीपासून आहे. ऑस्कर एकेन्स्टाइन या इंग्रज इंजिनिअरने १९०८ च्या सुमारास बुटाच्या तळाशी बांधायचा दहा दातांचा क्रॅम्पॉन रचला आणि १९२९ मध्ये लोराँ ग्रिव्हेलने त्यास पुढे आलेले दोन दात जोडले. बर्फात पायऱ्या खोदीत चढणे हाच खरा पुरुषार्थ मानणाऱ्या अनेकांस हे दात म्हणजे पर्वताशी केलेली लबाडी वाटली. या आक्षेपात वैराग्याचा भास आहे, वैराग्य नाही. ज्यास कुऱ्हाड चालते पण दात चालत नाहीत, त्याने साधनाचा त्याग केलेला नसतो. कालच्या साधनावर जडलेली आसक्ती तेवढी त्यास सोडवत नाही.

याउलट, साधन उत्तम म्हणजे फळ निश्चित, ही समजूतही तितकीच खोटी आहे. १० ऑगस्ट १९५३ रोजी के-टू शिखरावर आजारी आर्ट गिल्की यास बांधून खाली आणताना एकाचा पाय सुटला आणि दोर एकमेकांत गुंतून पाच जण ओढले गेले. पीट शोनिंग याने बर्फात गोठलेल्या एका शिळेआड आपली लाकडी दांड्याची ॲक्स रोवून ठेवली होती. तिच्या आधारे त्या एकट्याने गिल्कीसह सहा जणांचा भार तोलून धरला. त्यानंतर थोड्याच वेळात, इतर जण तंबू उभारण्यात गुंतले असता, गिल्की उतारावरून नाहीसा झाला; बहुधा हिमलोटाने त्यास नेले. जी ॲक्स सहांस पुरली ती एकास राखू शकली नाही. या प्रसंगाचा मी जितका विचार करतो, तितकी दैवास पाचवे स्थान देणाऱ्या त्या मांडणीची सत्यता मला अधिक पटते: दैव पाचवे आहे, पहिले नाही; शोनिंगने ती ॲक्स आधी रोवलीच नसती, तर दैवास काही ठरवण्याची पाळीही आली नसती.

याच रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिताना, कर्माची योग्यता कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी, असा सिद्धान्त मांडला. तो मला मान्य आहे. एवढेच म्हणावेसे वाटते की, बुद्धी शुद्ध असल्याचा दाखला अंतःकरणात शोधण्यापूर्वी साधनात शोधावा. कठोपनिषदातील वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ केला, पण ज्यांचे चारापाणी सरले आणि दूध आटले अशा गाई दिल्या. त्याचा पुत्र नचिकेता याच्या मनात पहिली शंका उत्पन्न झाली ती तेथे. संकल्प मोठा आणि सामग्री निकृष्ट, या विसंगतीत बुद्धीचाच खोटेपणा उघड होतो. बोथट पाते आणि सैल पट्टा घेऊन जो दोराच्या दुसऱ्या टोकाशी सोबत्यास बांधतो, त्याचे धाडस त्याच गाईंच्या दानासारखे आहे. आणि येथे किंमत देणारा पुष्कळदा दुसराच असतो.

आपल्याकडे खंडेनवमीस हत्यारांची पूजा होते. पूजेपूर्वी हत्यार घासून पुसून पाहिले जाते आणि घासताना त्यातील दोष दिसतो, यास मी त्या विधीचे मर्म मानतो. हळदकुंकू त्यामागून येते. महाराष्ट्रातील गिर्यारोहण मंडळांस माझी विनंती आहे की, येत्या खंडेनवमीस त्यांनी आपल्या कोठारातील प्रत्येक आइस-ॲक्स आणि क्रॅम्पॉन हाती घेऊन पाते, खिळे, पट्टे व दांडा तपासावा, जे बाद झाले असेल ते वहीत बाद म्हणून लिहावे, आणि कितीही जुने ऋणानुबंध असले तरी ते पुन्हा कोणत्याही मुलाच्या हाती देऊ नये.