दुपारची झोप

सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागाच्या शेडला लागूनच माणसं राहतात. अशाच दोन खोल्यांच्या घरात ड्रमसेट मांडलेला भाचा आणि त्याचा मामा यांचं हे बोलणं. कायद्याच्या कलमांपेक्षा यातला पेच मला मोठा वाटतो.

भाचा : मामा, मी रात्री वाजवत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. मी दुपारी बसतो.

मामा : त्याच नियमांत राहत्या वस्तीला दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, ती तुझा ड्रम सहज ओलांडतो. ते राहू दे. शेजारचे अण्णा रातपाळी करून येतात. त्यांची रात्र दुपारीच असते.

भाचा : भिंतीपलीकडे माग खडखडतात, त्यात झोप लागते की त्यांना!

मामा : माग एका चालीत चालतो, कान त्याला सोडून देतो. तू एकच रोल चुकतोस, थांबतोस, पुन्हा धरतोस. झोपलेला माणूस पुढच्या ठोक्याची वाट बघत जागा होतो.

भाचा : बेस ड्रममध्ये जुनी सोलापुरी चादर कोंबली. भिंतीला गोधड्या लावल्या, तर खोलीतला घुमारा तेवढा कमी झाला. पेडलचा दणका फरशीतून भिंतीत चढतोच.

मामा : तबलजी आधी बोल तोंडानं पढतात. तूही पढ. हात रबरी पॅडवर बसव.

भाचा : तेवढं करतोच. पण पॅडवरून काठी आपोआप उसळते. मोठ्या टॉमवर ती मनगटानं उचलावी लागते. ते पॅडवर कसं शिकू? आणि गणपतीआधी लेझीमचा सराव चालतो, हलगी कडाडते, तेव्हा अण्णा चकार शब्द काढत नाहीत. सगळ्यांचा आवाज तो उत्सव, एकट्याचा तो त्रास?

मामा : यात अन्याय आहे खरा. एकट्यानं शिकणाऱ्यालाही जागा हवीच. पण लेझमीत अण्णांचा मुलगा असतो, आणि सराव कधी संपणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुझं कधी सुरू होईल, हेच त्यांना कळत नाही.

भाचा : म्हणजे परवानगी मागू? नाही म्हणाले तर माझं शिकणं त्यांच्या हातात!

मामा : आज त्यांची झोप तुझ्या हातात आहेच की.

भाचा : ...त्यांची पाळी आठवड्यानं बदलते. दिवसपाळीच्या आठवड्यात दुपारी अर्धा तास मागतो.

मामा : माग. पण आधी काकूंना विचार. त्या आठवड्यात दुपारी घरात त्याच असतात.